ही रडणारी बाई कोण?

ईस्टर जवळ आला की आमच्या विभागातील दोन-तीन संगीतप्रेमी सहकाऱ्यांकडून ठरावीक ध्वनिमुद्रणे माझ्यापर्यंत येऊ लागतात. पूर्वी ती कॅसेटवर येत, मग सीडीवर येऊ लागली, आता फोनवर येतात. आलेग्रीचे ‘मिझेरेरे’, व्हिक्तोरियाची रिस्पॉन्सरी-गीते, कुपरँची ‘लसों द तेनेब्र’. रोमन कॅथलिक परंपरेत ईस्टरपूर्वीच्या तीन दिवसांसाठी रात्रीच्या ज्या गायिलेल्या प्रार्थना होत्या, त्या ‘तेनेब्रे’ म्हणजे ‘अंधार’ या नावाने ओळखल्या जातात, आणि हे सारे संगीत त्यांच्यासाठी रचलेले आहे. ध्वनिमुद्रणासोबत दरवर्षी एक सूचनाही येते : डोळे मिटून ऐका, शब्द कळले नाहीत तरी चालेल. माझे भांडण या सूचनेशी आहे.

मी स्वतः बरीच वर्षे या सूचनेच्या बाजूने होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. एम.ए.च्या वर्गात लयतत्त्व शिकवताना मी हेच संगीत लावत असे. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ सालचे. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांना याहून चोख उदाहरण कोणते मिळणार? अर्थाचा गाळ खाली बसला आहे आणि वर नितळ आकृती तेवढी उरली आहे, असे वाक्यही मी वर्गात म्हटल्याचे आठवते. वाक्य ऐकायला बरे होते. ते चुकीचे होते.

तेनेब्रे म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू, कारण तिच्याविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे मेणबत्त्यांपाशीच थांबते. पवित्र सप्ताहातील गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या तीन दिवसांच्या मध्यरात्रीच्या व पहाटेच्या प्रार्थना एकत्र करून आदल्या संध्याकाळी म्हटल्या जात. म्हणजे गुरुवारची बुधवारी, शुक्रवारची गुरुवारी, शनिवारची शुक्रवारी. मध्यरात्रीच्या प्रार्थनेचे तीन भाग. प्रत्येक भागात तीन स्तोत्रे, तीन वाचने आणि प्रत्येक वाचनानंतर एक रिस्पॉन्सरी, म्हणजे वाचनाला दिलेला गायिलेला प्रतिसाद. मग पहाटेच्या प्रार्थनेची पाच गीते. स्तोत्रे आणि गीते मिळून चौदा. वेदीसमोर त्रिकोणी दीपस्तंभावर पंधरा मेणबत्त्या लावलेल्या असत आणि प्रत्येक स्तोत्र संपले की एक विझवली जाई. जखऱ्याचे गीत चालू असताना वेदीवरच्या सहाही विझत. उरे ती शिखरावरची पंधरावी. ती विझवत नसत, वेदीमागे नेऊन लपवत. गडद अंधारात एक्कावन्नावे स्तोत्र (लॅटिन गणतीने पन्नासावे) म्हटले जाई, मग बाकांवर, पुस्तकांवर हात आपटून खडखडाट केला जाई, तो लपवलेला दिवा परत येईपर्यंत. दिवा आला की सगळे उठून न बोलता निघून जात.

जे गाळले होते तेही तितकेच बोलके आहे. एरवी प्रार्थनेच्या आरंभी येणारी मदतीची याचना येथे नाही, स्तोत्राच्या शेवटी येणारे पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचे स्तवन नाही, वाचनापूर्वीचा आशीर्वाद नाही. सणाची सारी सजावट उतरवून ठेवलेली प्रार्थना. ज्याने ही रचना सिद्ध केली (एका हाताचे हे काम नव्हे, कित्येक शतकांचे आहे), त्याला नाट्य कळत होते यात शंका नाही. ती सुंदर आहे. माझ्या पुढच्या तक्रारीला या कबुलीची गरज आहे, म्हणून ती आधीच देऊन ठेवतो.

आता या एवढ्या रात्रीतून आपल्यापर्यंत काय येते? एक स्तोत्र, तीन वाचने, पाचसहा रिस्पॉन्सरी-गीते. कात्री जुनीच आहे. १७७० च्या एप्रिलमध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट रोमला सिस्टाइन चॅपेलमध्ये गेला आणि आलेग्रीची रचना ऐकून त्याने ती स्मरणाने उतरवून काढली, ही कथा प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर असते. त्या संध्याकाळी त्या चॅपेलमध्ये आणखी काय काय म्हटले गेले, हे कोणत्याही पत्रिकेवर नसते. ज्या उंच स्वरासाठी आजचे श्रोते श्वास रोखून बसतात तो मुळात आलेग्रीचा नव्हेच, नंतरच्या संपादकांच्या घोटाळ्यातून तो तेथे येऊन बसला. फ्रान्समध्ये तर अठराव्या शतकात पवित्र सप्ताहात ऑपेरा बंद असल्यामुळे पॅरिसचे शौकीन मठांतून तेनेब्रे ऐकायला जात आणि मठांत ऑपेराच्या गायिका गात. कुपरँने आपल्या ‘लसों’ १७१४ च्या सुमारास प्रसिद्ध केल्या त्या लाँशाँच्या भगिनींच्या मठासाठी. तेव्हाच्या टीकाकारांनी या मैफलींवर कोरडे ओढले होते. म्हणजे आज आम्ही करतो आहोत ते नवे नाही.

माझे डोळे उघडले ते एका विद्यार्थिनीमुळे. आठ-नऊ वर्षे झाली असतील. मी कुपरँचे पहिले वाचन लावले होते आणि हातात अर्थाचा कागद दिला होता, तोही केवळ शिष्टाचार म्हणून. ध्वनिमुद्रण संपले. वर्गात जशी शांतता व्हावी तशी झाली. मागच्या बाकावरून ती म्हणाली, “सर, पण ही रडणारी बाई कोण?” मी म्हणालो, येरुशलेम नगरी. ती म्हणाली, “मग तिच्यासाठी हे लोक रडतायत का?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन प्रथमच पूर्ण प्रार्थनाग्रंथ उघडला.

पहिल्या भागातली तिन्ही दिवसांची वाचने ‘विलापगीत’ या बायबलमधील पुस्तकातली आहेत. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने येरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, लोकांना कैद करून नेले. त्यानंतरचा हा आक्रोश. रचना विलक्षण शिस्तीची आहे. पाचापैकी चार अध्यायांतील कडवी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात. पहिले आलेफने, दुसरे बेथने, तिसरे गिमेलने, अशी बावीस अक्षरे. शोकाला आरंभ आणि शेवट देण्यासाठी वर्णमालेचा आधार घ्यावा, ही कल्पना कोणत्याही भाषेच्या अभ्यासकाला थक्क करील. लॅटिनमध्ये अर्थातच ही क्रमवारी टिकणे शक्य नव्हते. पण अनुवादाने अक्षरांची नावे कडव्यांच्या डोक्यावर तशीच राहू दिली आणि गायकांनी ती गायली. नुसती ‘आलेफ’ किंवा ‘बेथ’ ही नावे, ज्यांना लॅटिन वाक्यात काही अर्थ नाही, त्यांच्यावर संगीतकारांनी सर्वांत लांब आणि सर्वांत नाजूक आलापी बांधली आहे. मूळ भाषेची हाडे अनुवादात उघडी पडलेली दिसावीत, असा हा प्रकार. माझ्या सहकाऱ्यांना सर्वाधिक आवडतात त्या जागा याच आहेत.

हीच गीते यहुदी समाज अव महिन्याच्या नवव्या रात्री म्हणतो. उपास असतो, लोक जमिनीवर बसतात, दिवे मंद केलेले असतात. मंदिराच्या दोन्ही विध्वंसांचा, इ.स.पू. ५८६ आणि इ.स. ७०, हा स्मरणदिन. पुस्तकाचे शेवटचे वाक्य इतके निराशेचे आहे की त्यावर थांबता येत नाही, म्हणून त्याच्या आधीचे वाक्य सर्वजण मोठ्याने पुन्हा म्हणतात. त्या वाक्यात लोक देवाला विनवतात की तू आम्हांला वळवून तुझ्याकडे आण, म्हणजे आम्ही वळू.

तेनेब्रेतही प्रत्येक वाचनाच्या शेवटी एक वाक्य जोडलेले आहे. ते विलापगीतातले नाही, होशेय संदेष्ट्याच्या वचनावरून बेतलेले आहे. त्यात येरुशलेमला हाक मारून सांगितले जाते की आपल्या देवाकडे वळ. क्रियापद जवळजवळ तेच. पुरुष बदलला आहे. तेथे प्रथमपुरुषी अनेकवचन, येथे द्वितीयपुरुषी आज्ञार्थ. तेथे रडणारे आणि वळू पाहणारे एकच आहेत, येथे एक जण उभा राहून दुसऱ्याला वळायला सांगतो आहे. शनिवारचे शेवटचे वाचन पाचव्या अध्यायाच्या अकराव्या कडव्यावर थांबते आणि ती प्रथमपुरुषी विनवणी आहे एकविसाव्या कडव्यात. म्हणजे तीन रात्रींच्या संपूर्ण गायनात ती येतच नाही.

यावर श्रद्धाळू वाचक लगेच म्हणेल की येरुशलेम म्हणजे येथे पापी आत्मा, म्हणजे मीच; मी मलाच हाक मारतो आहे. हे उत्तर खोटे नाही. हजारो साधकांनी ते प्रामाणिकपणे जगले असणार. पण ते पहिल्या भागापुरते खरे आहे. पान उलटा.

शुक्रवारच्या प्रार्थनेतील दुसऱ्या भागाची वाचने संत ऑगस्टीनच्या स्तोत्र-विवेचनातली आहेत. स्तोत्र आहे जिभा तलवारीसारख्या परजणाऱ्या शत्रूंविषयीचे. ऑगस्टीन तेथे थेट यहुद्यांना उभे करतो. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : आम्ही ख्रिस्ताला मारले नाही असे यहुद्यांनी म्हणू नये, त्यांनी त्याला पिलाताच्या हवाली केले ते स्वतःचे हात कोरडे राहावेत म्हणून, पण नाखुशीने निकाल देणारा पिलात जर दोषी, तर त्याला भाग पाडणारे निर्दोष कसे? तुम्ही मारले, आणि जिभेच्या तलवारीने मारले, ओरडलात तेव्हाच मारले. वक्तृत्व म्हणून हे उत्कृष्ट आहे, ऑगस्टीन अलंकारशास्त्राचा शिक्षक होता हे विसरता येत नाही. याच भागात ‘तेनेब्रे फाक्ते सुंत’ ही रिस्पॉन्सरी येते, व्हिक्तोरियापासून पूलँकपर्यंत अनेकांनी जिला संगीत दिले तीच. मत्तयाच्या शुभवर्तमानात भरदुपारी अंधार पडल्याचे सांगताना कोणाचेही नाव नाही. रिस्पॉन्सरीच्या पहिल्याच वाक्यात येशूला क्रूसावर देणारे म्हणून यहुद्यांचे नाव घातले आहे. रोमन सैनिक कोठेच नाहीत. व्हिक्तोरियाच्या १५८५ च्या संग्रहातील हे गीत मी किमान दहा वर्षे वर्गात लावले, त्याच्या संवादलयीविषयी बोललो, आणि हे वाक्य माझ्या कानांवरून गेले.

म्हणजे रात्रीची रचना अशी होते : पहिल्या भागात त्या बाईचे अश्रू घ्यायचे, तिच्या भाषेची अक्षरे घ्यायची, आणि दुसऱ्या भागात तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे. वर्गातल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते.

हा केवळ पाठचिकित्सेचा प्रश्न असता तर मी एवढा त्रागा केला नसता. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की ईस्टरपूर्वीच्या शोकाच्या दिवसांत यहुद्यांनी रस्त्यावर दिसूच नये. स्पेनमधील जिरोना येथे १३३१ च्या पवित्र सप्ताहात यहुदी वस्तीवर दगडफेक झाली, आणि ती करणाऱ्यांत धर्मसेवेतील तरुण होते. अशी दगडफेक काही ठिकाणी जवळजवळ वार्षिक रिवाज झाली होती, हे इतिहासकारांनी कागदपत्रांवरून दाखवले आहे. प्रार्थनेमुळेच दगड उचलले गेले, असे मी म्हणत नाही. साहित्याच्या माणसाने इतके सरळ कार्यकारण मांडू नये. पण ज्या रात्री ही वाक्ये गायली जात त्याच दिवसांत त्या वस्तीची दारे लावली जात, एवढे तरी माहीत असायला हवे की नको?

बचावाची बाजू मला ठाऊक आहे आणि ती हलकी नाही. ट्रेंट परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या रोमन धर्मशिक्षण-ग्रंथाने स्पष्ट म्हटले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष यहुद्यांपेक्षा पाप करणाऱ्या ख्रिस्ती माणसाकडे अधिक जातो. १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने तो दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही असे जाहीर केले. शुक्रवारच्या दुपारच्या विधीतील यहुद्यांसाठीची प्रार्थना (ती वेगळी, तेनेब्रेतली नव्हे) १९५९ साली एक अपमानकारक विशेषण गाळून सुधारली गेली, पुढे २००८ मध्ये जुन्या विधीपुरती पुन्हा नव्याने लिहिली गेली. हे सारे खरे. मात्र २००७ मध्ये ज्यांना १९६२ चा जुना प्रार्थनाग्रंथ वापरण्याची मुभा मिळाली, त्यांच्या ग्रंथात ऑगस्टीनचे ते वाचन जसेच्या तसे होते. त्या एका प्रार्थनेवर जगभर चर्चा झाली, या वाचनाकडे फारसे कोणी पाहिले नाही. रात्र इतकी सुंदर असते की तिच्यावर संशय घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

सुधारकांनाही मी सोडणार नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांच्या काळी निघालेल्या आदेशाने पवित्र सप्ताहाचे वेळापत्रक बदलले, १९५६ पासून ते लागू झाले, आणि आदल्या संध्याकाळी प्रार्थना उरकण्याची चाल बहुतेक ठिकाणी बंद पडली. १९७० नंतरच्या नव्या दैनिक प्रार्थनाग्रंथात ही रचनाच उरली नाही. ऑगस्टीन गेला. गुरुवारच्या वाचनात त्याच्या जागी आला सार्दीसचा मेलितो, दुसऱ्या शतकातला. निवडलेला उतारा अतिशय सुंदर आहे, वधस्तंभाकडे नेलेल्या कोकराविषयीचा. पण त्याच प्रवचनात पुढे मेलितो इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवतो, आणि तसे करणाऱ्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांत त्याची गणना होते. उतारा त्या आधी संपतो. म्हणजे तीच कात्री, फक्त या वेळी हातमोजे घालून चालवलेली. मागून येणाऱ्या वाचकाला येथे काही कापले आहे याचा पत्ताही लागू नये अशी सफाई.

मग काय करावे? प्रार्थना म्हणून ते वाचन आज कोणी गाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात मी त्या धर्मसभेचा सदस्य नाही आणि माझ्या मताला तेथे किंमत नाही. अभ्यासक म्हणून माझी मागणी उलट आहे. आम्हांला संपूर्ण पाठ हवा. संगीताचा अभ्यास करणाऱ्याने दुसरा भाग वाचलेला असावा, आणि ज्याला यहुदीद्वेषाचा इतिहास शिकवायचा आहे त्याने पहिला भाग ऐकलेला असावा. सौंदर्य आरोपाचा पुरावा पुसत नाही, तसा आरोप सौंदर्य खोटे ठरवत नाही. दोन्ही एका रात्रीत, एकाच पुस्तकात, एकाच गायकवृंदाच्या तोंडी आहेत. अडचण तेथे आहे, आणि अडचणीपाशी थांबण्याचेच आपल्याला वेतन मिळते.

‘हे सारे युरोपचे, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणणारे मराठी विभागात नेहमी असतात. त्यांनी आधी आपली कात्री पाहावी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, सुमारे ११,००० ओव्यांचे. ते गोव्यातील चर्चमधून वाचले-गायले जाई. आपण त्यातले काय शिकवतो? मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्या सुप्रसिद्ध ओव्या, ज्या प्रत्येक मराठी दिनाला भित्तिपत्रकांवर येतात. एका परदेशी धर्मगुरूने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण ते जपून ठेवतो. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात येशूचा खटला आणि क्रूसावरचा मृत्यू विस्ताराने आहे. त्यातले आरोपकर्ते कसे रंगवले आहेत, कोणती विशेषणे वापरली आहेत, ओवीच्या कोणत्या चरणात राग येतो आणि कोणत्या चरणात करुणा, यावर आपल्या परीक्षेत प्रश्न आलेला मला तरी आठवत नाही. संशोधनाला विषय नाहीत अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा घ्यावा. फुकट देतो आहे.

आणि ती बाई आपल्यालाही इतकी परकी नाही. अलिबाग, पेण, पनवेलच्या परिसरातील बेने इस्राएल मराठी बोलत आले आहेत. तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांनी मराठीत कीर्तनेही रचली, त्यांचा उल्लेख आपल्या वाङ्मयेतिहासात एका ओळीपुरता येतो, आला तर. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या समाजाच्या सणांची जुनी मराठी नावे दिलेली आहेत. अव महिन्याच्या नवव्या दिवसाला, म्हणजे विलापगीताच्या दिवसाला, कोकणातली ही माणसे ‘बिरड्याचा सण’ म्हणत. वालाचे बिरडे. येरुशलेमच्या राखेची आठवण कोकणात मोड आलेल्या वालाच्या नावाने टिकली. ऑगस्टीनच्या वाक्यातला तृतीयपुरुषी शत्रू म्हणजे, भूगोलाचा थोडा हिशेब केला तर, आपल्या शेजारच्या आळीत राहणारा, आपल्याच भाषेत शोक करणारा माणूस.

येत्या सत्रात मी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावणार आहे, कारण ते मला अजूनही आवडते. या वेळी मुलांच्या हातात तीन कागद असतील. एकावर विलापगीताचा पहिला आणि पाचवा अध्याय, दुसऱ्यावर ऑगस्टीनचे वाचन, तिसऱ्यावर ख्रिस्तपुराणातील खटल्याच्या शंभरेक ओव्या. स्वाध्याय एवढाच, की प्रत्येक कागदावरची सर्वनामे अधोरेखित करायची आणि ‘आम्ही’ कोठे संपतो व ‘ते’ कोठे सुरू होतात तेथे रेघ मारायची. सहकाऱ्यांनीही यायला हरकत नाही. डोळे मात्र उघडे ठेवून यावे, कागद वाचायचे आहेत.